पान्यानं शिकलेला मास्तर

चित्रकार व्हायला मुंबईत आलेल्या एका मुलाला कळलं, की आपल्याला रंगच नीट दिसत नाहीत. पुढे त्यानं सायकली विकल्या, न खपणारे नांगर बनवले, निवडुंगाच्या माळावर कारखाना उभारला. लक्ष्मणराव किर्लोस्करांची ही गोष्ट. घरातल्या छोट्याशा वर्कशॉपमध्ये यंत्राशी झटापट करणाऱ्या प्रत्येकासाठी.

कोपरखैरणे, ऐरोली, नेरुळ. सिडकोच्या रो-हाऊसच्या तळमजल्यावर, जिन्याखाली नाहीतर मागच्या ओट्यावर अशी एक तरी जागा तुम्ही नक्की पाहिली असेल. भिंतीला पाने अडकवलेले, खाली बाइकचे सुटे पार्ट, ग्रीसचे डाग पडलेली गोणपाटं आणि कोपऱ्यात एक सेकंडहँड कॉम्प्रेसर. २४ नाहीतर ५० लिटरची टाकी, वर एक-दीड हॉर्सपॉवरची मोटर. कुणी त्यावर बाइकची पेट्रोल टाकी स्प्रेनं रंगवतं, कुणी कॉलेजच्या रेसिंग कारच्या टीमसाठी पार्ट साफ करतं, कुणी एअरब्रशनं हेल्मेटवर नक्षी काढतं.

हा कॉम्प्रेसर तसा गुणी असतो. टाकीतला दाब ८ बारपर्यंत चढला की मोटर आपोआप बंद. हवा वापरली, दाब ६ बारच्या आसपास उतरला की पुन्हा आपोआप सुरू. हे काम करतो डबीएवढा एक प्रेशर स्विच. त्याच्या पोटात एक लवचिक पडदा आणि एक स्प्रिंग. हवा पडद्याला वर ढकलते, स्प्रिंग त्याला खाली दाबते. हवा जिंकली की विजेचा कॉन्टॅक्ट सुटतो, स्प्रिंग जिंकली की पुन्हा जुळतो. ऑटोमेशन म्हणतात ते एवढंच!

पण मग जून उजाडतो. स्प्रे गनमधून रंगाबरोबर पाण्याचे थेंब उडायला लागतात. एके दिवशी मोटर नुसती गुरगुरते, फिरतच नाही. आणखी एके दिवशी मोटर बंद झाल्यावरही स्विचजवळून फुस्स असा आवाज येतो, तो थांबायचं नाव घेत नाही. मग शोध सुरू होतो मेकॅनिकचा. मेकॅनिक उद्या येतो म्हणतो आणि त्याचा उद्या काही उगवत नाही.

ज्या माणसाची ही गोष्ट आहे, त्याच्या काळात बोलवायला मेकॅनिकच नव्हता. उद्याचा वायदा करायलाही कुणी नव्हतं. यंत्र बंद पडलं, तर ते स्वतःच उघडायचं नाहीतर बंद ठेवायचं. त्यानं ते उघडलं.

रंग दिसेनात, रेषा दिसत होत्या

लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर. जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा. वडील काशीनाथपंत वेदान्ताचे जाणकार. घरात पोथ्या, पाठांतर, शास्त्रचर्चा. अशा घरातल्या मुलानं शिकून एखादी सरकारी नोकरी धरावी, एवढीच तेव्हाची रीत. लक्ष्मणचं लक्ष मात्र अभ्यासात कमी आणि चित्रात व हातानं काहीबाही करण्यात जास्त.

१८८५ मध्ये थोरले भाऊ रामूअण्णा मागे उभे राहिले आणि लक्ष्मण मुंबईत आला. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. हार्बर लाइननं तुम्ही सीएसएमटीला उतरता ना, तिथून चालत काही मिनिटांवर आहे ते आवार. खेड्यातून आलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला त्या आवारात काय वाटलं असेल, याची कल्पना करा.

दोन वर्षं गेली आणि एक गोष्ट उघड झाली. त्याला काही रंगांमधला फरकच कळत नव्हता. अंशतः रंगांधळेपणा. चित्रकार व्हायला आलेल्या मुलाच्या स्वप्नाचा तिथेच निकाल लागला.

तुमच्यापैकी कुणाची एंट्रन्स हुकली असेल, कुणाला हवी ती ब्रँच मिळाली नसेल. तेव्हा पोटात जो खड्डा पडतो, तो खड्डा हाच. लक्ष्मणरावांनी काय केलं? त्यांनी चित्रकला सोडली, पण पेन्सिल सोडली नाही. यंत्रांच्या आकृत्या काढायला रंग लागत नाहीत, नेमकी रेष लागते. माप लागतं. समोर दिसणारी वस्तू आतून कशी असेल, हे डोळ्यांपुढे उभं करण्याची सवय लागते. ती त्यांच्याकडे होती. ते मेकॅनिकल ड्रॉइंग शिकले आणि त्यातच मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये सहायक शिक्षक म्हणून लागले. म्हणजे आजचं व्हीजेटीआय. १८८७ मध्ये सुरू झालेली ही संस्था तेव्हा माटुंग्याला नव्हती, भायखळ्याला होती.

वर्गात मास्तर, वर्कशॉपमध्ये विद्यार्थी

नोकरी ड्रॉइंग शिकवण्याची. तास घेतला, वह्या तपासल्या, घरी गेलं, असं करता आलं असतं. पण लक्ष्मणराव मोकळ्या वेळात संस्थेच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसायचे. लेथ कशी चालते, पट्टा कुठे घसरतो, बेअरिंग का तापतं, हे हात काळे करून शिकायचे. ज्या यंत्राची आकृती फळ्यावर काढली, ते यंत्र प्रत्यक्षात कसं वागतं, हे बघायची त्यांना ओढ होती. इंजिनीअरिंगची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. अमेरिकेहून येणारी यंत्रांवरची मासिकं ते वाचायचे आणि वाचलेलं करून बघायचे.

इथे एक फरक लक्षात घ्या. यंत्र बनवणारा माणूस त्याला नवं कोरं असताना ओळखतो. दुरुस्त करणारा माणूस त्याला थकलेलं, झिजलेलं, रुसलेलं असताना ओळखतो. कुठला भाग आधी झिजणार, कुठे धूळ जाणार, कुठला नट सैल पडणार, हे दुसऱ्यालाच जास्त कळतं. लक्ष्मणराव यंत्रांच्या दुनियेत शिरले ते या मागच्या दारानं.

सायकल नावाची शाळा

मुंबईत त्यांनी सायकल पाहिली. आज आपल्याला त्यात काही वाटणार नाही. पण त्या काळी दोन चाकांवर तोल सांभाळत जाणारा माणूस म्हणजे रस्त्यावरचा चमत्कार होता. सायकल परदेशातून यायची, किंमत शेकड्यांत. लक्ष्मणरावांनी मुंबईतून सायकली घ्यायच्या, बेळगावला पाठवायच्या आणि रामूअण्णांनी त्या तिथे विकायच्या, असा घरगुती धंदा सुरू झाला. नुसती विकून भागत नव्हतं. घेणाऱ्याला ती चालवायला शिकवावी लागायची, त्याची फी वेगळी. आणि बिघडली तर दुरुस्त करणार कोण? हेच दोघे. बेळगावातल्या सायकलच्या त्या छोट्याशा दुकानाची पाटी होती किर्लोस्कर ब्रदर्स. किर्लोस्कर उद्योगसमूह आपलं जन्मसाल सांगतो ते १८८८. ज्या रस्त्यावर ते दुकान होतं, त्याला आज किर्लोस्कर रोड म्हणतात.

१८८८ हे साल आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवा. त्याच वर्षी तिकडे बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरनं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. मुलाची तीनचाकी खडबडीत रस्त्यावर फार दणके खाते, म्हणून त्यानं हवा भरलेली रबरी नळी चाकाला लावून पाहिली होती. पुढच्या काही वर्षांत भरीव रबराची चाकं मागे पडली आणि सायकल हवेवर धावायला लागली. तिच्यासोबत दुकानादुकानात आला हातपंप.

आता तुमच्या जिन्याखालच्या कॉम्प्रेसरकडे पुन्हा बघा. सायकलचा पंप म्हणजे जगातला सगळ्यात साधा कॉम्प्रेसर. नळीत दट्ट्या, दट्ट्याला चामड्याचं वॉशर. वर ओढलं की हवा आत येते, खाली दाबलं की वॉशर फुलून नळीला घट्ट बसतं आणि हवा ट्यूबमध्ये जाते. ट्यूबच्या तोंडावरचा व्हॉल्व्ह हवेला आत जाऊ देतो, बाहेर येऊ देत नाही. चार दणके मारले की पंपाचं बूड तापतं, कारण दाबलेली हवा गरम होते. तुमच्या कॉम्प्रेसरमध्ये यापेक्षा वेगळं काय आहे? दट्ट्याच्या जागी पिस्टन, वॉशरच्या जागी रिंगा, ट्यूबच्या जागी टाकी, हाताच्या जागी मोटर. आणि कधी थांबायचं हे सांगणाऱ्या माणसाच्या अंदाजाच्या जागी प्रेशर स्विच.

पंपाचं वॉशर सुकलं की हवा भरत नाही. त्याला तेलाचा थेंब लावला की पुन्हा भरते. सायकलचं दुकान चालवणाऱ्याला हे पुस्तकात वाचावं लागत नाही.

हुकलेली बढती

मुंबईतली नोकरी तशी बरी चालली होती. बढतीची वेळ आली. काम लक्ष्मणरावांचं, अनुभव त्यांचा, पण जागा दिली गेली एका अँग्लो-इंडियन माणसाला. तो काळच तसा होता. साहेबाच्या राज्यात साहेबाच्या रंगाला भाव होता. रंगांनी लक्ष्मणरावांना अडवण्याची ही दुसरी वेळ.

त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. धाडस म्हणा, वेडेपणा म्हणा. पण त्यामागे काही वर्षांची तयारी होती, हे विसरायला नको. हातात कसब होतं, गावात भावानं सांभाळलेलं दुकान होतं. सगळं सोडून उडी मारली अशी फिल्मी गोष्ट ही नाही. मागे रामूअण्णा नसते, तर ना मुंबई झाली असती, ना बेळगाव.

कुणालाच नको असलेला नांगर

बेळगावात सायकली किती खपणार? घेणारे मोजकेच. आजूबाजूला सगळी शेती. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याचं काम निरखून पाहिलं. कडबा अख्खा टाकला की जनावर अर्धा खातं, अर्धा तुडवतं. बारीक कापून घातला तर वाया जात नाही. त्यांनी कडबा कापायचं यंत्र बनवलं. मग लोखंडी नांगर.

नांगराचं मात्र अवघड झालं. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर वापरलेल्या शेतकऱ्याला लोखंडाची धास्ती वाटायची. लोखंडानं जमिनीला विष चढतं, अशी समजूत होती. नांगर तयार, गिऱ्हाईक नाही. पहिला नांगर विकायला जवळपास दोन वर्षं लागली, असं सांगतात.

दोन वर्षं! आपली रील दोन तासांत चालली नाही तर आपण डिलीट करतो.

लोकांचं नाव चटकन घेता येतं, ते अडाणी म्हणून. पण शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. त्याच्याकडे एकच जमीन, एकच पाऊस. नवं यंत्र रानात मोडलं, तर दुरुस्त कोण करणार? गावचा सुतार लाकडी नांगर तासाभरात नीट करतो, लोखंडी नांगरासाठी कुणाकडे जायचं? भीती अंधश्रद्धेची होती, तशी ही व्यवहाराचीही होती. नांगर बनवणाऱ्याला पुढे नांगराच्या मागेही उभं राहावं लागणार होतं.

निवडुंग आणि नाग

धंदा जरा मार्गी लागतोय तोवर १९१० साल उजाडलं आणि बेळगाव नगरपालिकेनं कारखान्याची जागा सोडायला सांगितली. गाव वाढत होतं, तिथे नवी वस्ती वसवायची होती. यंत्रं, माल, माणसं घेऊन जायचं कुठे?

मदतीला आले औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. औंध हे सातारा भागातलं छोटं संस्थान. बाळासाहेब स्वतः चित्रकार, कलेचे दर्दी. लक्ष्मणराव तेव्हा त्यांच्यासाठी औंधला सभामंडपाचं बांधकाम करत होते. बाळासाहेबांनी आपल्या संस्थानातली ३२ एकर जमीन देऊ केली, पैशांचीही मदत केली. जमीन होती कुंडल रोड नावाच्या आडबाजूच्या रेल्वे स्टेशनजवळ. पाणी नाही, झाड नाही. निवडुंगाचं रान आणि त्यात नागांचा सुळसुळाट.

१० मार्च १९१० ला तिथे मुक्काम पडला. पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं. आधी निवडुंग तोडला, मग शेड उभ्या केल्या. हीच किर्लोस्करवाडी. पुणे-मिरज रेल्वेमार्गावर, सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात आजही आहे. स्टेशनचं नावही बदलून किर्लोस्करवाडी झालं.

नवी मुंबईत राहणाऱ्यांना ही गोष्ट जवळची वाटेल. खाडी आणि माळ यांच्या जागी आखून वसवलेल्या शहरातच आपण वाढलो. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेनं कारखाने आले, मागोमाग वस्ती आली. फरक एवढाच, की इथे मागे सरकार होतं. तिथे एक ड्रॉइंग मास्तर होता.

कुठेच न टिकलेली माणसं

त्या माळावर शिकलेले इंजिनीअर येणार नव्हते. मग आले कोण? अनंतराव फळणीकर, शाळा अर्धवट सोडलेले. ते कल्पक इंजिनीअर म्हणून नावाजले. शंभुराव जांभेकर प्लेगची लस टोचण्याच्या कामावरून कमी झालेले. त्यांचा हात यंत्रांवर बसला. मंगेशराव रेगे साधे कारकून. त्यांनी हिशेब आणि व्यवस्थापन सांभाळलं. के. के. कुलकर्णी जिथे जातील तिथे अपयशी ठरलेले. इथे अडचणी सोडवणारा माणूस म्हणून त्यांचंच नाव पुढे. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्यांना तर लक्ष्मणरावांनी चक्क राखणदार केलं. आणि वाडीत शिवाशिव पाळायची नाही, हा दंडक घातला. १९१० च्या सुमाराचा महाराष्ट्र डोळ्यांपुढे आणा, म्हणजे यातलं धाडस कळेल.

मला विचाराल तर यामागेही तीच दुरुस्ती करणाऱ्याची नजर होती. बंद पडलेलं यंत्र भंगारात टाकण्याआधी हा माणूस ते उघडून बघायचा. माणसांच्या बाबतीतही त्यानं तेच केलं. मालक कधीकधी चुकलाही असेल, सगळेच प्रयोग काही जमले नसतील. पण उघडून बघायचंच नाही, हे त्याला मान्य नव्हतं.

जवळ शहर नाही, बाजार नाही. त्या काळच्या कारखान्यात साधारणपणे एकच इंजिन असायचं. त्यावरून छताखाली एक लांब दांडा फिरायचा आणि पट्ट्यांनी सगळी यंत्रं त्यावर चालायची. एक पट्टा तुटला तर एक यंत्र थांबणार, इंजिन थांबलं तर सगळ्यांचे हात रिकामे. त्यामुळे तेल घालणं, पट्टा ताणणं, बेअरिंगवर हात ठेवून बघणं हे बिघाड झाल्यावरचं काम नव्हतं, रोजचं होतं.

तोफांचे झाले नांगर

१९१४ ला पहिलं महायुद्ध पेटलं. परदेशी नांगर यायचे थांबले, मागणी वाढली. पण कच्चं लोखंडही मिळेना, कोळसाही मिळेना, रंगही मिळेना. लक्ष्मणरावांनी मोडीतलं लोखंड गोळा केलं. कोल्हापूर संस्थानाच्या किल्ल्यांवर पडून असलेल्या जुन्या तोफा मिळवल्या. दगडी कोळशाऐवजी लाकडी कोळसा भट्टीत वापरून पाहिला. रंगही स्वतःच बनवायचा प्रयत्न केला. तोफा वितळल्या आणि नांगर झाले.

बीड वितळवणारी भट्टीसुद्धा हवेवरच चालते. नुसता कोळसा पेटवून लोखंड वितळत नाही, खालून जोरानं हवा मारावी लागते. हवेचा झोत मंदावला की भट्टी मंदावते आणि अर्धवट वितळलेलं बीड आतच गोठून बसतं. ते फोडून काढणं म्हणजे शिक्षा.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी वाडीतून शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्कर खबर हे मासिक सुरू केलं. पुढे किर्लोस्कर, स्त्री आणि मनोहर ही तीन मासिकं मराठी घराघरांत गेली. कारखान्यात उसाचे चरक झाले, पंप झाले. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून इंजिनीअर होऊन १९२६ मध्ये परतले. ज्या पदवीवाचून बापानं कारखाना उभा केला, ती पदवी मुलाकडे आली. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली.

२६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले. दोन वर्षांनी, १९५८ मध्ये किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी निघाली. कशासाठी? एअर कॉम्प्रेसर बनवण्यासाठी. सायकलच्या दुकानापासून निघालेली वाट अशी तुमच्या जिन्याखालच्या यंत्रापर्यंत येते. १९६९ मध्ये, जन्मशताब्दीला, टपाल खात्यानं लक्ष्मणरावांचं तिकीट काढलं.

आता तुमचा कॉम्प्रेसर उघडू या

सुरुवातीची तीन दुखणी आठवतात? लक्ष्मणराव असते तर त्यांनी आधी यंत्राची आकृती काढली असती. हवा कुठून येते, कुठे थांबते, कुठून जाते. तुम्हीही काढा. फिल्टर, पंप, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, टाकी, प्रेशर स्विच, बाहेरची नळी. कागदावर सहा चौकोन. निम्मं कोडं तिथेच सुटतं.

पाणी येतंय? ते कॉम्प्रेसरचं नाही, आपल्या हवेचं आहे. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर एक हजार लिटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. हीच हवा ८ बारला दाबून टाकीत थंड झाली, की त्यातलं २० ग्रॅमच्या आसपास पाणी टाकीच्या तळाशी साचतं. मिनिटाला १०० लिटर हवा घेणारा कॉम्प्रेसर दहा मिनिटांत एवढं पाणी गोळा करतो. खाडीकाठच्या पावसाळ्यात रोज काम संपलं की ड्रेन कॉक उघडायचाच. टायमरवर चालणारा ऑटो ड्रेन लावता येतो, चांगली सोय आहे. पण टाकीतली गंजाची कपची त्याच्या बारीक भोकात अडकते आणि तो बसल्या जागी बंद पडतो. म्हणून आठवड्यातून एकदा वाकून बघा, की पाणी खरंच पडतंय का.

फुस्स आवाज थांबत नाही? मोटर बंद होताना एकदा फुस्स होणं बरोबर आहे. पंप आणि टाकी यांच्यामधल्या नळीतली कोंडलेली हवा तेव्हा बाहेर सोडली जाते, म्हणजे पुढच्या वेळी मोटरला ओझ्याविना सुरू होता येतं. आवाज चालूच राहिला, तर बहुतेक वेळा दोष स्विचचा नसतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि टाकीतली हवा उलटी येते. तोच तो, सायकलच्या ट्यूबच्या तोंडावरचा! उघडून साफ करा, रबर गेलं असेल तर बदला.

मोटर गुरगुरते? तीच नळी रिकामी होत नसेल, तर मोटर भरल्या दाबावर सुरू व्हायला बघते आणि अडते. ते ठीक असेल तर कपॅसिटर आणि व्होल्टेज तपासून घ्या. गुरगुरणारी मोटर चालू ठेवू नका, वाइंडिंग जळेल.

बाकीचं रोजचं. तेल काचेतल्या खुणेपर्यंत आहे ना, ते दुधाळ तर झालं नाही ना. फिल्टर झटकलाय ना. पट्टा असेल तर तो फार सैल नाही ना. महिन्यातून एकदा सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून तो सुटतोय का, हे बघायचं. स्विच अडकला, मोटर थांबलीच नाही, तर शेवटी जीव वाचवणारा तो एकच भाग आहे. त्याचं तोंड कधीही बंद करायचं नाही. टाकीवर कोरलेल्या दाबाच्या वर स्विच चढवायचा नाही. टाकी गंजून पाझरायला लागली तर वेल्डिंगचं ठिगळ मारायचं नाही, टाकीच बदलायची. आतून किती पातळ झाली आहे हे बाहेरून दिसत नाही आणि दाबलेल्या हवेची टाकी फुटते तेव्हा माणूस मरू शकतो. कुठलाही नट सोडण्याआधी प्लग काढायचा आणि काटा शून्यावर आणायचा. हे नियम बिनशर्त.

एक वही ठेवा. तारीख, काय ऐकलं, काय उघडलं, काय बदललं. वर्षभरात ती वही तुमची मेकॅनिक होईल.

लक्ष्मणरावांना रंग दिसत नव्हते, बढती मिळाली नव्हती, जागाही सोडावी लागली होती. मागे भाऊ होता, एक कलाप्रेमी राजा होता, कुठेच न टिकलेली माणसं होती. आणि एक सवय होती, जी ना कुणी देऊ शकत होतं, ना काढून घेऊ शकत होतं. बंद पडलेल्या वस्तूसमोर हा माणूस पाना घेऊन बसायचा.

आज रात्री काम आटपलं की दिवा मालवण्याआधी टाकीखालचा तो छोटासा कॉक उघडा. पाणी येईल. ते सगळं गळून जाईपर्यंत थांबा.